फ्यूज का उडतो, आणि त्याला उडू का द्यावं

(जठारपेठ, अकोला येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने मोटारीच्या फ्यूजवर काय बोलावं, असा प्रश्न पुढच्या रांगेतून आत्ताच हळूच आला. प्रश्न रास्त आहे. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं 'कारण' आणि 'कार्य' शिकवलं. त्या दोघांचा जितका घोळ मोटारीच्या फ्यूजबॉक्समध्ये घातला जातो, तितका परीक्षेच्या पेपरातही घातला जात नाही. म्हणून हा विषय आम्ही आपणहून मागून घेतला.

आणि विषय निकडीचाही आहे. आज आपल्या पेठेत उभ्या असलेल्या गाड्या बघा. कुणी डॅशकॅम लावला आहे, कुणी मोबाइल चार्जर, कुणी धुक्याचे दिवे, कुणी मोठा हॉर्न. मुलांना शाळेत नेणाऱ्या गाड्यांत कॅमेरे आले. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण केंद्र सरकारने बंधनकारक केलं. यातल्या प्रत्येक वस्तूला वीज लागते. ती वीज गाडीतून नेमकी कुठून आणि कशी घ्यायची, एवढाच आजचा प्रश्न. तो चुकला तर गाडी पेटू शकते, आणि गाडीत माणसं असतात.

फ्यूज कुणाचं रक्षण करतो?

फ्यूज म्हणजे काय? शाळेच्या पुस्तकात त्याला 'वितळतार' म्हणतात. शब्द फार चांगला आहे, कारण त्यात कामच सांगितलं आहे: वितळणारी तार. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला की ती वितळते आणि वाट तुटते.

आता विचारा, ही तार कुणाला वाचवते? बहुतेक लोक म्हणतील, रेडिओला, चार्जरला, दिव्याला. इथेच पहिली गाठ सोडवायची आहे. फ्यूज मुख्यतः वायरिंगला वाचवतो. चार्जर आतून जळाला तर बहुधा तो आधी जळतो आणि फ्यूज नंतर उडतो. पण चार्जर जळाल्यावर त्यातून जो बेसुमार प्रवाह वाहू लागतो, त्याने डॅशबोर्डमागची वायर तापून पेटू नये, यासाठी फ्यूज असतो.

यामागचा नियम जूलने १८४१ मध्ये मांडला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. तिप्पट झाला तर नऊपट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही जण म्हणतात, "सर, बाराच व्होल्ट तर आहेत, हात लावला तरी शॉक लागत नाही." शॉक लागत नाही हे खरं. पण आग व्होल्टवर ठरत नाही, उष्णतेवर ठरते. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना शंभर-दीडशे अँपिअर सहज देते, आणि शॉर्ट झाला तर त्याहून जास्त. १२ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर म्हणजे १२०० वॅट. आपल्या घरातली इस्त्री साधारण तेवढीच असते. आता ती इस्त्री प्लॅस्टिकच्या डॅशबोर्डमागे, सीटच्या फोमजवळ लपवली आहे असं समजा. शिवाय गाडीची सगळी पत्र्याची बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असते. त्यामुळे धन बाजूच्या वायरचं आवरण कुठेही घासून पत्र्याला टेकलं की शॉर्ट तयार.

मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा

फ्यूज हा वायरिंगमधला सगळ्यात कमजोर दुवा असतो आणि तो जाणूनबुजून तसा ठेवलेला असतो. कोणत्याही साखळीत एक कडी सगळ्यात कमजोर असणारच, ते टाळता येत नाही. आपल्या हातात फक्त एवढंच आहे की ती कडी कुठे असावी हे आपण ठरवायचं, की अपघातावर सोडायचं. कंपनीचा इंजिनिअर ती जागा झाकणाच्या आत, हात पोहोचेल अशा ठिकाणी निवडतो. तिथे तार वितळली तरी काही पेटत नाही.

तुम्ही त्या जागी जाड फ्यूज टाकला म्हणजे कमजोर कडी नाहीशी होत नाही. ती दुसरीकडे सरकते. कदाचित गालिच्याखाली, कदाचित पेट्रोलच्या पाइपशेजारी.

आपल्या भागातल्या माणसाला हे नव्याने सांगायची गरज नसावी. घराघरांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते तेव्हा त्यात फ्यूजची तार संपली की वायरीतले तांब्याचे चार पदर पिळून घालणारे हात आपण पाहिले आहेत. शेतातल्या डीपीवर तर जाड तार घालून मोकळं होणं ही सवयच झाली. मोटारीत तेच काम सिगारेटच्या पाकिटातली चांदी करते. फ्यूजला चांदी गुंडाळली की "चालू झालं." चालू झालं हे खरं, पण राखणदार गेला.

उडालेला फ्यूज काय सांगतो?

आता थोडं आमच्या विषयाकडे येऊ. न्यायशास्त्रात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. धूर हा हेतू, आग हे साध्य. पण उलट चालत नाही. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही, कारण धुरासाठी ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. अनुमान करताना मध्ये लपलेली अट तपासली नाही की माणूस फसतो.

फ्यूजला हे लावून पाहा. फ्यूज तारेतून वितळला, म्हणून त्यातून मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला. हे अनुमान बहुतेक वेळा ठीक आहे. पण गॅरेजमध्ये याच्या पुढची उडी मारली जाते: "सर, हा दहाचा फ्यूज कमजोर हाय, तीसचा टाकून देतो, मंग काई उडत नाही." इथे फ्यूज उडणं हाच रोग मानला गेला. खरं तर तो रोग नाही, ती साक्ष आहे. साक्षीदाराचं तोंड बंद केल्याने गुन्हा थांबत नाही.

आणि तो नऊपटीचा आकडा आठवा. दहाच्या जागी तीसचा फ्यूज म्हणजे त्याच वायरीत नऊपट उष्णता निर्माण व्हायला दिलेली परवानगी.

मग साक्षीचा अर्थ कसा लावायचा? फ्यूज उडण्याची कारणं साधारण तीन. एक, शॉर्ट: नवा फ्यूज घालताक्षणी उडतो. दोन, जास्तीचा भार: थोडा वेळ चालतं आणि मग उडतो. तीन, फ्यूजच्या पायांपाशी ढिलेपणा किंवा गंज: तिथे उष्णता होते, प्लॅस्टिक काळवंडतं. तिन्हींचे उपाय वेगळे. एकदा बदललेला फ्यूज पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका, कारण शोधा.

जास्तीच्या भाराचं रोजचं उदाहरण हेडलाइटचं. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा. बाजारात १००/९० वॅटचा मिळतो. दोन दिव्यांचे २०० वॅट, भागिले १२, म्हणजे जवळपास १७ अँपिअर. मूळ बल्बना १० अँपिअर लागत होते. वायर तीच, स्विच तोच. फ्यूज उडू लागला की दोष फ्यूजला!

रंग, आकार आणि वेळ

अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात फ्यूज काचेच्या नळीतले किंवा चिनी मातीच्या दांडीवरचे असत. आजचा दोन पायांचा पात्याचा फ्यूज १९७० च्या दशकात आला. त्याच्या रंगातच अंक असतो: ३ अँपिअर जांभळा, ५ फिकट बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. माथ्यावर आकडाही असतो. रंग फिकट झाला असेल तर आकडा वाचा.

रंग एक असला तरी आकार वेगवेगळे: मोठा नेहमीचा, मिनी, बुटका मिनी आणि त्याहून बारीक मायक्रो. चुकीचा आकार जोर लावून बसवला तर फ्यूजबॉक्समधला चिमटा फाकतो आणि पुढे तिथेच उष्णता होते.

अजून एक गैरसमज. दहाचा फ्यूज दहा अँपिअर ओलांडले की तत्क्षणी उडतो असं नाही. अकरा अँपिअरवर तो शंभर तासही टिकू शकतो. साडेतेरावर कधी काही सेकंदांत, कधी कितीतरी मिनिटांनी जातो. वीसवर पाच सेकंदांच्या आत, आणि पस्तीसवर अर्ध्या सेकंदाच्या आत. म्हणजे फ्यूज शॉर्टला तत्पर असतो, थोड्याशा जास्त भाराला सहनशील. म्हणून नियम असा की सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या पाऊण भागापेक्षा जास्त ठेवू नये. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या अकोल्यात, बॉनेटखाली, हा नियम अधिकच पाळावा.

नवी वाट काढायची तर

आता नवीन उपकरणाकडे. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे मिळेल ती वायर सोलायची, आपली तार गुंडाळायची आणि वरून टेप मारायचा. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटतो, तांबं उघडं पडतं. शिवाय जुन्या वायरीवर भार किती पडला याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

यासाठी 'फ्यूज टॅप' नावाची छोटी वस्तू मिळते. तिला खाली दोन पाय, वर फ्यूज बसवायच्या दोन जागा आणि बाजूने निघालेली एक वायर असते. फ्यूजबॉक्समधला एक फ्यूज काढायचा, त्या खाचेत टॅप बसवायचा. काढलेला जुना फ्यूज टॅपच्या पायांजवळच्या जागेत, तेवढ्याच अँपिअरचा. नवीन उपकरणाचा फ्यूज दुसऱ्या जागेत. म्हणजे जुन्या वाटेचा राखणदार जुनाच, आणि नव्या वायरीला स्वतःचा राखणदार.

नवा फ्यूज केवढा? हिशेब वॅट भागिले व्होल्ट. ३६ वॅटचा चार्जर, ३ अँपिअर. त्याला ५ चा फ्यूज. डॅशकॅमला एक अँपिअरही लागत नाही, त्याला २ किंवा ३ चा पुरे. धुक्याचे ५५ वॅटचे दोन दिवे, ११० वॅट, सव्वानऊ अँपिअर. त्याला १५ चा फ्यूज हवा. पण फ्यूज टॅपची स्वतःची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते. म्हणून असे दिवे टॅपवर घेऊच नयेत. त्यांना बॅटरीवरून वेगळी वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि मध्ये रिले.

फ्यूज उगमाजवळच का? महानच्या काटेपूर्णा धरणातून अकोल्याला पाणी येतं. व्हॉल्व्ह उगमापाशी असेल तर वाटेत कुठेही पाइप फुटला तरी पाणी थांबवता येतं. व्हॉल्व्ह शहरात बसवला आणि पाइप अध्येमध्ये फुटला तर काय उपयोग? फ्यूजच्या आधीची वायर ही अशीच, राखणदाराविना असते. ती जितकी आखूड तितकं बरं.

टॅप उलटा बसला तर

ही गोष्ट दुकानात फारशी कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

फ्यूजबॉक्सच्या प्रत्येक खाचेत दोन चिमटे असतात. एकात वीज येते, दुसऱ्यातून ती उपकरणाकडे जाते. टॅपचा एक पाय दोन्ही फ्यूजना सामाईक असतो. तो पाय वीज येणाऱ्या चिमट्यात जायला हवा. तसा गेला तर वीज तिथेच दोन वाटांनी फुटते: एक जुन्या फ्यूजमधून, एक नव्यामधून. टॅप उलटा बसला तरी सगळं चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण तेव्हा नव्या उपकरणाचा प्रवाहही आधी जुन्या फ्यूजमधून जातो आणि मग नव्यामधून. दोघांचा भार एकट्या जुन्या फ्यूजवर पडतो. मग तो एक दिवस उडतो, आणि गॅरेजवाला म्हणतो, "कमजोर हाय."

ओळखायचं कसं? टॅप हातात असताना त्यात फक्त नवा फ्यूज घाला आणि मल्टिमीटरने बघा, बाजूच्या वायरीशी कोणता पाय जोडलेला आहे. तोच सामाईक पाय. मग गाडीतला फ्यूज काढून, चावी फिरवून, टेस्ट लॅम्पने बघा कोणत्या चिमट्यावर दिवा लागतो. सामाईक पाय त्या चिमट्यात. सगळं बसवल्यावर शेवटची परीक्षा: चावी चालू ठेवून जुना फ्यूज काढा. नवं उपकरण चालू राहिलं तर टॅप बरोबर. तेही बंद पडलं तर टॅप उलटा आहे, फिरवून बसवा.

क्रम असा ठेवा: आधी चिमटा ओळखायचा, मग बॅटरीचं ऋण टर्मिनल काढायचं, मग जोडणी. बाजूची वायर पुढच्या वायरीला नीट क्रिम्प करून जोडा. काळी वायर रंग खरवडलेल्या बोल्टला, पक्की. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट असलेल्या भोकातूनच न्या. डॅशकॅमची वायर खांबावरून उतरवताना तिथे पडद्याची एअरबॅग असेल तर तिच्या मागून न्या, पुढून कधीच नाही. आणि फ्यूजबॉक्सचं झाकण शेवटी बंद व्हायला हवं.

कोणत्या खाचेतून वीज घ्यायची? १२ व्होल्टचं सॉकेट, रेडिओ, आरसे, असल्या बिनजोखमीच्या ठिकाणाहून. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल पंप, स्टिअरिंग, ब्रेकचे दिवे, यांना हात लावायचा नाही. तिथे उपकरण बंद पडणं म्हणजे नुसती गैरसोय नसते.

नॅनोची साक्ष

एक सार्वजनिक उदाहरण सांगतो. टाटा नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली. पुढे काही गाड्या पेटल्या. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेली जाणारी नवी कोरी गाडी पेटली, ती छायाचित्रं अनेकांना आठवत असतील. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने चौकशीचा निष्कर्ष सांगितला. कारणं त्या त्या गाडीपुरती आहेत असं म्हणताना तिने दोन गोष्टींचा उल्लेख केला: बाहेरून बसवलेलं विद्युत उपकरण आणि एक्झॉस्टवर राहून गेलेली परकी वस्तू. त्याच वेळी एक्झॉस्ट आणि विद्युत यंत्रणेला जास्तीचं संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचंही जाहीर केलं.

हे कंपनीचं स्वतःचं म्हणणं आहे हे विसरू नये. ज्याचा हितसंबंध गुंतला आहे त्याचा शब्द तपासूनच घ्यावा, हे शब्दप्रमाणाचं पहिलं पथ्य. पण दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर आपल्याला पुरेसा धडा मिळतो. मालकाने भलतीच जोडणी करू नये, आणि बनवणाऱ्यानेही मालक काहीतरी जोडणारच हे धरून चालावं. जबाबदारी कुणा एकावर ढकलता येत नाही.

काही प्रश्न

*एका श्रोत्यांनी विचारलं: सर, गाडी बंद असतानाही डॅशकॅम चालू राहावा असं वाटतं. मग?*

तर चावीवर अवलंबून नसलेल्या, कायम वीज असलेल्या खाचेतून घ्यावं लागेल. पण हिशेब करा. ०.४ अँपिअर सतत म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. बॅटरी ४५ ची असेल तर गाडी दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर सुरू होणं कठीण. बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला की पुरवठा तोडणारा किट मिळतो, तो घ्या.

*एक ताई: आमच्या मुलीच्या स्कूल व्हॅनमध्ये बरंच काही लावलेलं आहे. आम्ही काय बघावं?*

ताई, चालकदादांना तीन गोष्टी विचारा. हे कुठून जोडलं? याचा फ्यूज कुठे आहे? तो कितीचा आहे? ज्याने काम नीट केलं आहे तो लगेच दाखवेल. "ते मिस्त्रीले ठाऊक" असं उत्तर आलं तर मिस्त्रीला बोलवायला सांगा. यात भांडण नाही. मूल त्या गाडीत रोज बसतं, एवढं कारण पुरेसं आहे.

*एक तरुण: सर, कंपनीची वॉरंटी जाते का? कायदा काय म्हणतो?*

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनात फेरफार करण्यावर मर्यादा आहेत. छोटा चार्जर आणि गाडीची रचना बदलणं यात फरक आहे, पण वॉरंटीच्या अटी प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचा. त्याच पुस्तकात फ्यूजबॉक्सचा नकाशाही असतो, कोणती खाच कशाची आणि कितीची. आज घरी गेल्यावर ते पान उघडा आणि गाडीतला प्रत्येक फ्यूज त्याच्याशी ताडून बघा. जिथे नकाशात १० लिहिलंय आणि गाडीत हिरवा दिसतोय, तिथे आधी कुणीतरी साक्षीदाराला गप्प केलं आहे. तिथून सुरुवात करा.